एलडीएल ८०, रिपोर्ट नॉर्मल, तरी गोळी वाढली

"दादा, शुगरची द्या, बीपीची द्या, रक्त पातळ व्हायची द्या. ती रात्रीची तेवढी राहू द्या ह्या टायमाला."

सांगलीत मेडिकलच्या काउंटरमागं उभं राहून मला वीस वर्षं होऊन गेली. हे वाक्य ऐकलं नाही असा एक महिना आठवत नाही. 'ती रात्रीची' म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, ॲटोर्वास्टॅटिन नाहीतर रोसुवास्टॅटिन. पैसे कमी पडले की पहिली कात्री तिच्यावर. का, तेही कळतं. शुगरची गोळी चुकली तर मशीन सांगतं. बीपीची चुकली तर दंडाला पट्टा बांधला की उघडं पडतं. ॲसिडिटीची चुकली तर संध्याकाळपर्यंत छातीत जळजळ सुरू. रात्रीची चुकली तर काहीच होत नाही. आठवडाभर नाही, महिनाभर नाही. मग माणूस म्हणतो, हवीय कशाला?

मागच्या पावसाळ्यात तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आले. आपण त्यांना तात्या म्हणू. साठीला टेकलेले, अकरा-बारा वर्षांपासून शुगर, दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन मिरजेत स्टेंट बसलेला. रिपोर्टची घडी खिशातून काढून काउंटरवर पसरली आणि वर तळहात फिरवून सरळ केली.

"हे बघा. एकूण कोलेस्टेरॉल १५६, एलडीएल, ते वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ८०. समोर नॉर्मल म्हणून छापलंय. मी म्हटलं आता गोळी बंद होणार. तर डॉक्टरांनी उलट वाढवून दिली, वर आणि एक नवी लिहिली. काय समजायचं वो माणसानं?"

मी डॉक्टर नाही, आणि कुणाची गोळी किती मिलिग्रॅमची असावी हे मी सांगत नाही. पण चिठ्ठीवर असं का लिहिलंय ते समजावणं हे माझं कामच आहे. त्या दिवशी गिऱ्हाईक कमी होतं. तात्यांना स्टूल दिलं.

पहिली गोष्ट त्या छापील रकान्याची. लॅबच्या रिपोर्टवर उजवीकडं जे आकडे असतात, एलडीएल १०० पेक्षा कमी, एकूण २०० पेक्षा कमी, ते सरसकट सगळ्यांसाठी छापलेले असतात. पंचविशीतल्या पोरालाही तेच, तात्यांनाही तेच. मशीनला रक्त कळतं, पण ते रक्त कुणाचं, त्याच्या छातीत स्टेंट आहे का, त्याला शुगर आहे का, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ज्याला हृदयविकार आणि मधुमेह दोन्ही आहेत त्याचा आकडा वेगळा. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये आणि आपल्याकडच्या कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ मध्ये अशा अतिजोखमीच्या रुग्णांसाठी तो ५५ च्या खाली ठेवायला सांगितला. युरोपवाल्यांची आणखी एक अट आहे: मूळ एलडीएल जेवढं होतं त्याच्या निम्म्यानं तरी ते खाली आलं पाहिजे. आणि गोळ्या चालू असताना दोन वर्षांच्या आत दुसरा झटका आला असेल तर ४० च्या खाली न्यायचा विचार करावा असं ते म्हणतात.

म्हणजे तात्यांचं ८० हे शेजाऱ्यासाठी छान, तात्यांसाठी २५ नं जास्त.

"पण एवढं खाली नेऊन करायचं काय? नळी तर मोकळी केलीय की!"

इथं खरी गाठ आहे. तात्यांच्या डोक्यात ठिबकची नळी होती. बागायतदाराला तेच सुचणार. नळीत क्षार साचतो, पाणी अडतं, ॲसिड सोडलं की नळी साफ. पण हृदयाच्या रक्तवाहिनीत कोलेस्टेरॉल असं आतल्या पोकळीत साचत नाही. ते भिंतीच्या आत शिरतं.

मी त्यांना २०१९ चा महापूर आठवायला सांगितलं. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्यांनी दिवाळीला रंग काढला. वरून भिंत नवी दिसत होती. पण ओल आत मुरलेली. पुढं कुठं कुठं गिलावा फुगला, टिचकी मारली तर पोकळ वाजायचा, आणि एक दिवस हात लागायचं निमित्त होऊन पोपडा खाली यायचा. रक्तवाहिनीचं जवळपास तसंच. रक्तातलं एलडीएल अस्तराखालून भिंतीत मुरतं, तिथं सूज येते, चरबीचा गर साठतो आणि वर एक पातळ पापुद्रा धरतो. हा फुगारा वर्षानुवर्षं गप्प असतो. एक दिवस पापुद्रा फाटतो, आतला गर रक्ताला लागतो आणि रक्ताला वाटतं जखम झाली. ते गोठतं. काही मिनिटांत नळी बंद. तोच अटॅक.

पुष्कळदा फाटणारा फुगारा फार मोठा नसतो. अँजिओग्राफीत ३०-४० टक्के दिसलेला, 'ह्याला काही करायची गरज नाही' म्हणून सोडलेला असू शकतो. त्यामुळंच आदल्या महिन्यात ट्रेडमिल टेस्ट चांगली आलेल्या माणसालाही अटॅक येतो आणि गावात चर्चा होते की अहो, परवा तर तपासून आला होता.

स्टेंटनं एक जागा उघडली, आणि ती वेळेवर उघडली म्हणून तात्या स्टुलावर बसून वाद घालत होते. बाकीची भिंत तशीच ओली आहे. ओल हटवायची तर पाणीच खाली न्यावं लागतं. एलडीएल पुरेसं खाली गेलं आणि खालीच राहिलं की भिंतीतला गर हळूहळू आटतो, वरचा पापुद्रा जाड होतो, सूज उतरते. हे काम महिन्या-वर्षांचं आहे, म्हणून गोळी एक दिवस चुकली तर काही जाणवत नाही. आणि म्हणूनच ती सहा महिने बंद ठेवली तरीही काही जाणवत नाही. पाणी मात्र पुन्हा चढलेलं असतं.

आता शुगरवाल्याचं काय वेगळं? इथं जरा थांबतो, कारण हा भाग फारसा कुणी सांगत नाही.

तात्यांच्या रिपोर्टवर आणखी दोन आकडे होते. चांगलं म्हणतात ते एचडीएल ३४, म्हणजे कमी. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, २१०, म्हणजे जास्त. ही जोडी मधुमेहाची सही आहे. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही तेव्हा यकृत चरबीचा माल जास्त पाठवायला लागतं, ट्रायग्लिसराइड चढतं, आणि त्या देवघेवीत एलडीएलचे कण लहान आणि घट्ट होतात. लॅब मात्र एलडीएल मोजते ते कणांतल्या कोलेस्टेरॉलच्या वजनानं, कण मोजून नाही.

मार्केट यार्डातलं उदाहरण घ्या. पाच क्विंटल हळद पन्नास किलोच्या पोत्यांत भरली तर दहा पोती. तीच दहा किलोच्या पिशव्यांत भरली तर पन्नास पिशव्या. काट्यावर वजन तेच, पाच क्विंटल. पण दारातून आत जाणारे नग पन्नास. रक्तवाहिनीच्या भिंतीत जे घुसतं ते नगानं घुसतं. शुगरवाल्याचं ८० आणि शुगर नसलेल्याचं ८० काट्यावर सारखं, पण नग सारखे असतीलच असं नाही.

नग मोजायची एक सोपी सोय आपल्या रिपोर्टमध्येच असते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. तात्यांचं १५६ वजा ३४, म्हणजे १२२. ह्याला नॉन-एचडीएल म्हणतात. पुष्कळ रिपोर्टांवर ती ओळ छापलेलीही असते, वाचत कुणी नाही. एलडीएलचं ध्येय ५५ असेल तर ह्याचं ८५, म्हणजे ३० जास्त. तात्या ८५ च्या जागी १२२ वर होते. एलडीएलच्या ओळीत जे लपलं होतं ते इथं उघडं पडलं. खरोखरचे नग मोजायचे तर अपोबी नावाची तपासणी आहे, कारण अशा प्रत्येक कणावर त्या प्रथिनाचा एकच रेणू असतो. पण वजाबाकीला पैसे पडत नाहीत.

जाता जाता: बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजतही नाहीत, हिशेबानं काढतात. एकूणातून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. १५६ उणे ३४ उणे ४२, आले ८०. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हा हिशेब चालत नाही. आणि दर वेळी बारा तास उपाशी राहायची गरजही आता मानत नाहीत. ट्रायग्लिसराइड फार जास्त आलं तरच उपाशीपोटी पुन्हा करायला सांगतात. शुगरवाल्याला सकाळी अकरापर्यंत उपाशी बसवून चक्कर आणण्यापेक्षा हे बरं. आधी डॉक्टरांना विचारून घ्या एवढंच.

गोळी करते काय? रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपण खात नाही, यकृतच ते तयार करतं. तो कारखाना ज्या एन्झाइमवर चालतो त्याला स्टॅटिन, म्हणजे ही रात्रीची गोळी, अडवतं. कारखाना मंदावला की यकृताला माल कमी पडतो, मग ते बाहेर आपले हात वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. ह्या 'हातां'चा शोध लावणारे ब्राउन आणि गोल्डस्टीन ह्यांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं. आणि गोळीचं मूळ बुरशीत आहे. जपानच्या अकिरा एंडो ह्यांनी १९७० च्या दशकात हजारो बुरशी तपासल्या आणि एकीत हा गुण सापडला. तिथून निघालेल्या वाटेवरची पहिली गोळी १९८७ मध्ये बाजारात आली.

तात्यांना हे ऐकायचं नव्हतं. त्यांना हवं होतं गोळी दुप्पट केली तर एलडीएल निम्मं होईल का. नाही होत. ह्या गोळ्यांचा जोर पहिल्याच डोसात असतो, पुढच्या प्रत्येक दुपटीला मूळ आकड्याच्या साधारण ६ टक्केच आणखी पडतात. तात्यांचं गोळी सुरू करण्याआधीचं एलडीएल होतं १४०. ॲटोर्वास्टॅटिन २० नं ते ८० वर आलं. ४० केली असती तर ७१-७२ च्या आसपास. तेवढ्यावर ५५ गाठत नाही. म्हणून डॉक्टरांनी दोन गोष्टी केल्या: जास्त जोराची रोसुवास्टॅटिन २० दिली आणि जोडीला इझेटिमाइब १०. ही दुसरी गोळी आतड्यात काम करते, तिथून शोषलं जाणारं कोलेस्टेरॉल अडवते आणि उरलेल्यातलं आणखी पाचवा भाग खाली आणते. वाट वेगळी असल्यानं दोघींची टक्कर होत नाही. २०१५ मध्ये आलेल्या १८,१४४ हृदयरुग्णांच्या अभ्यासात ही जोडी एकट्या स्टॅटिनपेक्षा सरस ठरली, आणि जास्त फायदा झाला तो मधुमेह असलेल्यांनाच. एवढ्यानंही भागलं नाही तर पुढं बेम्पेडोइक ॲसिड आहे, इंजेक्शनं आहेत, त्यातलं एक सुरुवातीच्या दोन डोसांनंतर सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं. ती महाग आहेत, आणि बहुतेकांवर तिथवर जायची वेळ येत नाही.

फायद्याचा हिशेब असा. वेगवेगळ्या अभ्यासांतल्या १८,६८६ मधुमेहींची माहिती २००८ मध्ये एकत्र मांडली गेली. एलडीएल सुमारे ३९ नं उतरलं की अटॅक, पक्षाघात, स्टेंट-बायपासची वेळ हे सगळं मिळून साधारण पाचव्या भागानं कमी झालं. जितकं जास्त उतरेल तितकं जास्त. आणि फार खाली गेलं तर मेंदूला काही होईल का, ही भीती पुष्कळांना असते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं एलडीएल ३०-४० च्या घरात असतं. मेंदू सगळ्यात जोमानं वाढायचा काळ तो.

"ते सगळं खरं हो, पण ह्या गोळीनं पाय दुखतात. आमच्या मेहुण्याचे दुखत्यात."

पाय दुखतात ही तक्रार खोटी म्हणून झटकायची नाही. पण २०२० मध्ये इंग्लंडमध्ये एक सुंदर प्रयोग झाला. त्रासामुळं स्टॅटिन सोडलेले ६० जण घेतले. त्यांना वर्षभरासाठी बाटल्या दिल्या: काही महिने खरी गोळी, काही महिने हुबेहूब दिसणारी खोटी, काही महिने रिकामी बाटली. रोज त्रासाला गुण द्यायचे. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जो त्रास झाला त्यातला ९० टक्के खोट्या गोळीच्या महिन्यांतही झाला. दुखणं खरं होतं, पण ते गोळी घेतोय ह्या धास्तीतून आलं होतं. हे समजल्यावर त्यातल्या निम्म्यांनी गोळी परत सुरू केली.

थोड्या लोकांना मात्र स्नायूंचा खरा त्रास होतो. दोन्ही मांड्या-दंड भरून येणं, जिना चढवेना होणं, लघवी चहासारखी गडद होणं, असं काही झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. आणि इथं मेडिकलवाल्याचं एक सांगणं: खोकल्या-तापासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडं जाता तेव्हा ही गोळी चालू आहे हे त्यांना सांगत चला. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक ॲटोर्वास्टॅटिनबरोबर पोटात गेलं की स्टॅटिन रक्तात साठतं. बऱ्याच वेळा दोन्ही चिठ्ठ्या एकाच काउंटरवर येतात म्हणून आम्हाला दिसतं. वेगवेगळ्या दुकानांत गेल्या तर कुणालाच दिसत नाही.

शुगर वाढते का? थोडी वाढू शकते. २५५ जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतलं तर त्यात एकाला नव्यानं मधुमेह होतो, असा हिशेब २०१० मध्ये निघाला. ज्याला आधीच शुगर आहे त्याचं तीन महिन्यांच्या सरासरीचं एचबीएवनसी अगदी थोडं हलतं. ती वाढ शुगरच्या गोळीनं आवरता येते, फाटलेला फुगारा आवरता येत नाही.

मग हळद. सांगलीत बसून हळदीविरुद्ध बोलणं म्हणजे घरचं भांडण. आपल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मलाही अभिमान आहे. पण हळदीच्या कॅप्सूलच्या जोरावर रात्रीची गोळी सोडणारी माणसं माझ्या दुकानात येतात. अमेरिकेत २०२२ मध्ये ह्याचीच परीक्षा झाली. हृदयविकार नसलेल्या सुमारे दोनशे लोकांचे गट केले: एकाला रोसुवास्टॅटिन फक्त ५ मिलिग्रॅम, एकाला खोटी गोळी, बाकीच्यांना हळद, लसूण, दालचिनी, माशाचं तेल वगैरे. २८ दिवसांत स्टॅटिननं एलडीएल जवळपास ३८ टक्के उतरलं. बाकी एकही खोट्या गोळीच्या पुढं गेलं नाही, आणि लसणाच्या गटात तर ते थोडं चढलंच. तेव्हा हळद आमटीत राहू द्या.

खाण्याचं काय? तात्यांनी अंडं सोडलं होतं, शेंगदाणे सोडले होते, घाण्याचं तेल सोडून पिशवीवर 'कोलेस्टेरॉल नाही' छापलेलं तेल आणलं होतं. कुठल्याच झाडाच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतं, घाण्याच्याही नसतं, छापायला काय जातंय. एलडीएल वाढवतात ती मुख्यतः लोणी-तूप-साय, डालडा-वनस्पती, मटणाची चरबी. पथ्य कसून पाळलं तर एलडीएल दहा-पंधरा टक्के उतरतं. चांगलंच आहे, पण १४० चं ५५ पथ्यावर होत नाही.

ट्रायग्लिसराइड मात्र ताटाचं ऐकतं. मी विचारलं, दिवसात चहा किती? पाच-सहा. साखरेचा? "साखरेचा म्हणजे, निम्मीच साखर." संध्याकाळी? तर मोठी वाटीभर भडंग. रात्री भात दोनदा. आणि शनिवारी, ते जरा हळू आवाजात बोलले, शेतावर मित्रमंडळ जमतं. ते २१० तिथून येत होतं. तेल सोडलं, साखर-भात-दारू राहिली, असा हा उलटा हिशेब घरोघरी दिसतो. शेंगदाणे परत सुरू करा म्हटल्यावर तात्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. मूठभर, खारवलेले नकोत, एवढं ठरलं.

गोळी रात्रीच घ्यायची हाही जुना नियम. सिमव्हास्टॅटिनसाठी तो होता. ॲटोर्वा आणि रोसुवा बराच वेळ शरीरात राहतात, कधीही घेतल्या तरी चालतात. ज्यांची रात्रीची राहून जाते त्यांनी डॉक्टरांना विचारून सकाळच्या गोळ्यांबरोबर लावून घ्यावी. सारख्याच औषधाच्या कंपनीकंपनीच्या किमतींत फार फरक असतो, जनऔषधी केंद्रातही मिळते. महिनाअखेरीला गोळी गाळण्यापेक्षा 'दादा, ह्यातलं स्वस्तातलं द्या' म्हटलेलं मला केव्हाही चालतं.

अडीच महिन्यांनी तात्या नवा रिपोर्ट घेऊन आले. गोळी बदलली की चार ते बारा आठवड्यांत तपासून बघायचंच असतं. एलडीएल ५३. ट्रायग्लिसराइड १६०, चहा तीनवर आला होता. एचडीएल ३५, ते फारसं हलत नाही आणि गोळ्यांनी ते हलवून काही मिळतं असंही अजून दिसलेलं नाही. नॉन-एचडीएल ८५. म्हणजे उंबऱ्यावर. "म्हणजे अजून थोडं," असं तेच म्हणाले आणि रिपोर्टची घडी घातली.

ह्या वेळी बरोबर काकी होत्या. काकींनाही शुगर आहे, आठ वर्षांपासून. हृदयाचं काही नाही. त्यांच्या पिशवीत मेटफॉर्मिन, बीपीची गोळी, बाकी काही नाही.

"काकी, कोलेस्टेरॉलची गोळी नाही तुम्हाला?"

"मला कशाला? मला कुठं अटॅक आलाय?"

मधुमेह असलेल्या चाळीस ते पंचाहत्तर वयाच्या माणसाला अटॅक आलेला नसला तरी स्टॅटिन द्यावं असं बहुतेक मार्गदर्शक सूचना सांगतात. २००४ च्या एका अभ्यासात टाइप २ मधुमेहाचे २,८३८ लोक होते, ज्यांना हृदयविकार नव्हता आणि एलडीएलही फार नव्हतं; साधारण निम्म्यांना ॲटोर्वास्टॅटिन १० दिली गेली, बाकीच्यांना खोटी गोळी. मोठे झटके ३७ टक्क्यांनी घटले, फायदा इतका उघड होता की अभ्यास दोन वर्षं आधीच थांबवला. काकींसाठी ध्येय ५५ नाही, बीपी आणि शुगर दोन्ही असताना साधारण ७० च्या खाली धरतात. मी एवढंच म्हटलं की पुढच्या वेळी तात्यांबरोबर डॉक्टरांकडं जाल तेव्हा तुमचाही लिपिड प्रोफाइल, म्हणजे ही कोलेस्टेरॉलची तपासणी, करून घ्या.

काकींनी तात्यांकडं बघितलं. तात्या म्हणाले, "नेतो की. बागेची छाटणी उरकू द्या."

छाटणी म्हणजे ऑक्टोबर. मी तात्यांच्या पाकिटावर पेनानं 'काकी, लिपिड, दसरा' असं लिहून ठेवलं आणि स्ट्रिपा पिशवीत घातल्या.